जपानी लष्करी तलवारीवरची सही आणि शिक्के : कामाच्या नोंदी

14 ऑक्टोबर 2024

तलवार माझ्या मेहुण्याच्या घरची, सातारा तालुक्यातली. त्याचे आजोबा मराठा पलटणीत होते. 1946 साली ते गावी परतले तेव्हा ट्रंकेत ही होती, एवढं नक्की. बाकी घरात दोन गोष्टी वर्षानुवर्षं पक्क्या धरलेल्या आहेत : एक, ती ब्रह्मदेशात लढाईत हिसकावून घेतलेली आहे, दोन, ती कुणा सामुराईची आहे. मुठीच्या आत काही कोरलेलं असतं हे मेहुण्यानं कुठंतरी ऐकलं आणि काम माझ्याकडे आलं. अशाच तलवारी आणखी काही घरांच्या माळ्यावर पडून असणार, म्हणून नोंदी ठेवतोय.

आधी कागद. एवढ्या लांब पात्याचं हत्यार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं. आपल्या जिल्ह्यात काय लागू आहे ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि त्याचा कागद जवळ ठेवा. हे न करता तलवार पिशवीत घालून एसटीनं फिरू नका.

बाहेरून जे दिसलं ते असं. लोखंडी म्यान, त्यावर कुणीतरी चंदेरी ऑइलपेंट फासलेला. म्यानाला अडकवायची कडी एकच. मुठीवर पाकट माशाचं खरबरीत कातडं आणि त्यावर तपकिरी फीत आडवी-तिरपी गुंडाळलेली. मूठ आणि पातं यांच्या मधली चकती, म्हणजे त्सुबा, पितळी आणि चेरीच्या फुलांची. मुठीजवळ खटका, तो दाबल्याशिवाय पातं म्यानातून सुटत नाही. हा जपानी भूदलाच्या अधिकाऱ्यांचा 1938 चा नमुना, म्हणजे टाइप 98. त्याआधीच्या 1934 च्या टाइप 94 ला कड्या दोन असत, त्यातली एक काढता यायची. मुठीचा शेंडा तपासला, गोंडा शिल्लक नाही. असता तर त्याच्या रंगावरून हुद्दा कळला असता : तपकिरी-निळा कॅप्टनपर्यंतचा, तपकिरी-लाल त्यावरचा, आणि त्यात सोनेरी आला की जनरल.

पात्यावर मधोमध दोन काळपट डाग, चांगले खोल. चौकशीत कळलं की दर खंडेनवमीला पात्यावर लिंबू कापून हळद-कुंकू वाहतात आणि दसरा झाला की तसंच म्यानात सारतात. आईंना (सासूबाईंना) म्हटलं, पुढच्या वर्षीपासून पूजा म्यानाची करा, पातं बाहेर काढूच नका. त्यांनी ऐकून घेतलं, हो म्हणाल्या नाहीत.

20 ऑक्टोबर

मूठ काढायची तर मेकुगी काढावी लागते. मेकुगी म्हणजे मुठीतून आणि पात्याच्या आतल्या भागातून आरपार जाणारी बांबूची खुंटी. ती एका बाजूनं किंचित निमुळती असते. निमुळत्या बाजूनं पितळेची किंवा बांबूची सळी ठेवून हलकेच ठोकलं की दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. पाच मिनिटांचं काम.

इथं बांबू नाहीच. कधीतरी खुंटी मोडली असावी आणि कुणीतरी लोखंडी खिळा घालून दोन्ही बाजूंनी ठोकून चपटा केलाय. खिळा गंजून लाकडाला चिकटलेला. गंज सोडवणारं स्प्रेचं तेल मारायचा मोह होतो, पण ते मुठीच्या लाकडात मुरतं, तिथून आत उतरतं, आणि आतला गंज आपल्याला जसाच्या तसा हवाय. आज हात लावला नाही.

27 ऑक्टोबर

खिळ्याचं एक डोकं बारीक कानशीनं मुठीच्या पातळीपर्यंत घासलं. भोवतीच्या कातड्यावर आणि फितीवर आधी मास्किंग टेप चिकटवली होती, तरी कानस एकदा घसरली आणि फितीचे दोन धागे गेले. फीत जुनी आणि कडक आहे. ज्याला हे करायचंय त्यानं टेपवर पातळ पत्र्याचा तुकडा भोक पाडून ठेवावा, टेप एकटी पुरत नाही.

खिळ्याच्या मापाची सळी बाजारात मिळाली नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेची सळी उतरवून घेतली. सळीचे 80 रुपये, मजुरी 150. दिवाळीच्या गर्दीत त्यानं ती द्यायला बरेच दिवस लावले, त्याला इलाज नव्हता.

10 नोव्हेंबर

खिळा निघाला. मूठ निघेना. सहसा तलवार टोक वर करून डाव्या हातात धरायची आणि उजव्या मुठीनं त्या हाताच्या मनगटावर ठोसा द्यायचा, की पातं मुठीतून उचकटतं. इथं खिळ्याच्या गंजानं आतलं लाकूड फुगलं होतं. मग सुताराकडून लाकडाचा ठोकळा करून घेतला, मध्ये पात्याच्या जाडीची खाच. तो त्सुब्यावर टेकवून रबरी हातोडीनं थोडं एका बाजूला, थोडं दुसऱ्या बाजूला. जोर लावायचा नाही. मूठ दोन फळ्या चिकटवून केलेली असते, ती शिवणीवर उलते. पाऊण तासानं सुटली.

आतल्या भागाला नाकागो म्हणतात. त्यावर तांबूस-तपकिरी गंजाचा पातळ थर, कानशीच्या तिरप्या रेघा अजून स्पष्ट, खुंटीचं भोक एकच. हे पाहिल्यावर मला अर्धं उत्तर मिळालं. जुनं पातं असतं तर हा गंज काळा आणि गुळगुळीत झाला असता. जुन्या पात्यांना पुष्कळदा भोकं दोन-तीन असतात, कारण दर नव्या मुठीला जागा बदलते. असं घडतही असे. घराण्यातलं शे-दोनशे वर्षांचं पातं लष्करी मुठीत बसवून अधिकारी युद्धावर जात. आपल्याकडे ते सापडलं तर प्रकरण वेगळंच होतं, कारण शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू कायद्यात येते आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. हे तसं दिसत नाही.

मेहुण्याचे काका वायर ब्रश घेऊन उभे होते. “जरा घासला की अक्षरं उठून दिसतील,” असं त्यांचं म्हणणं. नाकागोचा गंज घासायचा नाही. तेल, चिंच, पॉलिश, काहीच नाही. पात्याचं वय त्या गंजावरून ठरतं आणि एकदा गेला की परत येत नाही. काकांना ते पटलं नाही, पण ब्रश त्यांनी खाली ठेवला.

आणखी एक गोष्ट घासली तर गेली असती. नाकागोच्या शेवटाकडे पांढऱ्या रंगात काहीतरी पुसट लिहिलंय. कुंचल्यानं ओढलेले दोन-तीन फटकारे. आधी त्याचे फोटो काढले, मग बाकीचं.

17 नोव्हेंबर

सगळ्यांची नजर सहीवर जाते. मी शिक्क्यापासून सुरुवात केली. सहीच्या वर, पात्याच्या बुडाशी असलेल्या हबाकी नावाच्या पट्टीच्या लगेच खाली, तांदळाच्या दाण्याएवढा एक ठसा आहे. नुसत्या डोळ्यांना तो गंजाचा खड्डा वाटतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग (350 रुपये) लावल्यावर आत अक्षर दिसलं. डावीकडे उभी चौकट आणि तिच्या मध्यावर आडवी रेघ, म्हणजे सूर्याचं चिन्ह. उजवीकडे वर तलवारीचं चिन्ह, खाली तोंडाचं. हे ‘शो’, ‘शोवा’मधलं पहिलं अक्षर. शोवा म्हणजे सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीचं नाव, जपानी वर्षं त्यावरून मोजत.

या एका ठशानं घरातली दुसरी समजूत निकालात निघाली. हा शिक्का सेकी गावातल्या पाती बनवणाऱ्यांच्या संघाचा. सेकी हे गिफू प्रांतातलं, जुन्या मिनो भागातलं गाव, लोहारकामासाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध. युद्धकाळात अधिकाऱ्यांच्या तलवारींचा फार मोठा वाटा तिथून आला. ‘शो’ किंवा ‘सेकी’ हा शिक्का असलेलं पातं म्हणजे सहसा पारंपरिक रीतीनं न घडवलेलं : गिरणीचं पोलाद, बहुधा पाण्याऐवजी तेलात विझवलेलं. शिक्क्यात तारा असता तर गोष्ट निराळी होती. तो लष्करानं मान्यता दिलेल्या लोहारांचा, त्यांना पारंपरिक तामाहागाने पोलाद लष्कर पुरवायचं. नांगराचा शिक्का असता तर नौदलाचा.

मेहुण्याचा फोनवर प्रश्न : “म्हणजे दाजी, सामुराईची नाहीच?” नाही. सामुराई वर्ग 1870 च्या दशकात संपला, ही तलवार त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी केलेली. दोन मिनिटं तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण सही आहे ना?”

सही आहे. खरी अडचण तिथंच सुरू होते. सुंदर, खोल, लांबलचक सही पाहून लोक हुरळतात आणि बारीक ठशाकडे दुर्लक्ष करतात. वजन ठशाचं जास्त, सहीचं कमी.

24 नोव्हेंबर

आज सही. आधी पात्यावरचं जुनं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलनं (अर्धा लिटर 250 रुपये) पुसलं, नाकागोला ते लावलं नाही. नाकागोवर फक्त मऊ कोरडा ब्रश. मग अक्षरांत टाल्कम पावडर भरून वरची फुंकून काढली. रांगोळी वापरू नका, ती दगडाची भुकटी असते, ओरखडे पडतात. मैदा किंवा आरारूटही नको, ओल धरतात.

तलवार टेबलावर आडवी ठेवायची, फोटो काढल्यावर असा फिरवायचा की टोक वर आणि नाकागो खाली येईल. अक्षरं वरून खाली वाचतात. उलट्या फोटोवर बरेच लोक तास घालवतात. मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपला पूर्ण फोटो दिला तर त्यानं ‘दाट बेट बंद रस्ता’ असलं काहीतरी सांगितलं. त्याचा नाद सोडला.

कामी आली ती वेगळी युक्ती. सेकीच्या सह्यांचा साचा ठरलेला असतो : प्रांत, गाव, ‘राहणार’, आडनाव असल्यास आडनाव, नाव, ‘केली’. म्हणून शेवटून सुरुवात करावी. सगळ्यात खालचं अक्षर ‘साकू’, म्हणजे केलेली. डावीकडे उभा माणूस, उजवीकडे एका उभ्या दांड्याला तीन आडवे काटे. ते पक्कं झालं. वरून तिसरं ‘सेकी’ : बाहेर दोन झडपांचा दरवाजा आणि आत गुंतागुंत. चौथं ‘जू’, राहणार. मग पहिली दोन आपोआप ‘नोशू’, म्हणजे मिनो प्रांत, दुसरं काही तिथं बसतच नाही. राहिली मधली चार. त्यातलं पहिलं सोपं, मधे उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना एकेक फटका : ‘को’. दुसऱ्यात खाली डोंगर : ‘जिमा’. पुढचं ‘काने’. सेकीत निम्म्या लोहारांची नावं ‘काने’नं सुरू होतात की काय असं वाटतं, इतकं ते अक्षर तिथं नेहमीचं. शेवटचं डावीकडून खालून वळत गेलेलं, पायवाटेच्या चिन्हाचं : ‘मिची’.

नोशू सेकी जू कोजिमा कानेमिची साकू. मिनोतल्या सेकीचा रहिवासी कोजिमा कानेमिची यानं केली. शोवा काळातल्या सेकीतलं हे नेहमी भेटणारं नाव आहे.

मग या नावाच्या आणखी सह्यांचे फोटो शोधून शेजारी ठेवले आणि कोड्यात पडलो. आपल्या सहीतलं ‘काने’ आणि त्या फोटोंतलं ‘काने’ एका हातचं वाटत नाही. छिन्नीचा घाव, तिरपेपणा, रेघांचा क्रम वेगळा. खोटी सही? पुष्कळ विचार केला आणि तसं वाटत नाही. खोटी सही मोठ्या जुन्या लोहाराच्या नावानं करतात, ‘शो’चा शिक्का असलेल्या पात्यावर ती करून कुणाला काय मिळणार? सेकीत नाव कोरणारे कारागीर वेगळे असत. लोहार पातं देई, छिन्नी दुसऱ्याची. त्यामुळे सेकीच्या युद्धकाळातल्या पात्यांवर अक्षराच्या वळणावरून ‘खरी की खोटी’ ठरवायला जाऊ नये.

1 डिसेंबर

मागच्या बाजूला तारीख आहे. ‘शोवा, दहा, आठ, वर्ष, आठ, महिना’ आणि पुढे ‘किचीजित्सु’, शुभ दिवस. शोवा वर्षात 1925 मिळवले की इसवी सन येतं. 18 अधिक 1925, म्हणजे ऑगस्ट 1943. मेहुण्याला कळवलं, त्यानं घरातल्या व्हॉट्सॲप गटावर टाकलंही.

8 डिसेंबर

तारीख जुळत नाही. ‘शो’चा शिक्का साधारण 1942 पर्यंतच दिसतो, पुढे ‘सेकी’ या अक्षराचा शिक्का चालतो. 1943 च्या पात्यावर तो का असावा? जुना साठा असू शकतो, पण असल्या पळवाटेवर विसंबण्याआधी तारीख पुन्हा पाहायला हवी होती.

दोष उजेडाचा निघाला. टॉर्च मी डावीकडून, पात्याच्या पातळीला टेकवून धरला होता. उभ्या आणि तिरप्या रेघांची सावली त्यामुळे छान पडते. आडवी रेघ मात्र उजेडाच्याच दिशेनं धावते, तिची सावली पडतच नाही. जपानी ‘आठ’ म्हणजे खाली फाकत जाणाऱ्या दोन रेघा. ‘सहा’ म्हणजे त्याच दोन रेघा, वर एक आडवी आणि तिच्यावर एक ठिपका. ती आडवी रेघ उथळ ठोकलेली होती, पावडरही तिच्यात ठरली नव्हती. ‘दहा’तली आडवी रेघ खोल होती म्हणून ती दिसली आणि बाकी सगळं बरोबर आहे असं वाटलं.

टॉर्च वरून, हबाकीच्या बाजूनं धरला आणि रेघ उमटली. ठिपकासुद्धा. सोळा, म्हणजे ऑगस्ट 1941. महिन्यातला आठ खराच आठ आहे, तोही तसाच तपासला. शिक्का आणि तारीख आता एकमेकांशी बोलतात.

तेव्हापासून प्रत्येक अक्षराचे फोटो चार दिशांच्या उजेडात : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कॅमेरा हलवायचा नाही, फक्त टॉर्च. जाता जाता, सात आणि दहा यांतही असाच घोळ होतो. साताची शेपटी उजवीकडे वळते, ती गंजात बुडाली की सात दहासारखा दिसतो.

15 डिसेंबर

मुठीचे सुटे भाग. त्सुब्याच्या दोन्ही अंगांना सेप्पा नावाच्या पातळ चकत्या असतात, त्या एकीवर एक बसवलेल्या. प्रत्येकीच्या आतल्या काठाला बारीक आकडा ठोकलेला. सगळ्या पुसून, ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं जुन्या पंचावर मांडल्या आणि भिंगाखाली पाहिल्या : सगळ्यांवर 57, त्सुब्यावरही 57. म्हणजे जोडकाम करणाऱ्यानं या भागांचा एक संच ठरवला होता आणि तो ऐंशीहून अधिक वर्षं एकत्र राहिला. नाकागोवरची ती पांढरी खूण फोटोचा काँट्रास्ट ताणल्यावर वाचता आली : पाच, दहा, सात. जपानी पद्धतीनं हेच सत्तावन्न. पातंसुद्धा त्याच संचातलं.

मला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त आनंद याचा झाला. सहीनं नाव सांगितलं, पण पातं आणि मूठ पहिल्यापासून एकत्र आहेत हे सांगितलं रंगाच्या तीन फटकाऱ्यांनी. वायर ब्रशाच्या पहिल्या फेरीत ते गेले असते.

22 डिसेंबर

गावात बातमी पसरली. शेजारच्या आळीतले एक गृहस्थ त्यांची तलवार घेऊन आले : “आमच्या तलवारीवरची सही पण बघा.” मूठ हातात घेताच कळलं. फीत नाहीच, फितीच्या नक्षीसकट ओतलेली ॲल्युमिनियमची मूठ आणि त्यावर रंग. पात्याच्या बुडाशी, धारेच्या वर आकड्यांचा क्रमांक. टाइप 95, 1935 चा सार्जंट-हवालदारांचा नमुना, यंत्रावर केलेला. त्यावर लोहाराची सही नसतेच, मूठ बांबूच्या खुंटीनं नाही तर स्क्रूनं बसते. उगाच उघडू नका. जे काही वाचायचं ते मुठीच्या कड्यावरच्या शिक्क्यांत असतं. तिथं चार वर्तुळं एकमेकांत अडकलेली होती, कोकुरा शस्त्रागाराची खूण. शेजारी तपासनिसाचा छोटा ठसा, तो वाचता आला नाही. गृहस्थ जरा हिरमुसले. मला विचाराल तर क्रमांक, म्यान आणि मूठ सगळं मूळचं असलेली टाइप 95 काही कमी नाही. बाजारात नव्यानं केलेल्या नकला तिच्याच जास्त आहेत, आम्लानं पांढरट धार काढलेल्या.

5 जानेवारी 2025

राहिली लढाईची गोष्ट. घरात सांगतात की आजोबांनी ती सांगशाकला जिंकली. मणिपुरातल्या सांगशाकला मार्च 1944 मध्ये चौथी मराठा खरोखर लढली, पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर. पण 26 मार्चच्या रात्री त्या ब्रिगेडला वेढा फोडून जंगलातून निसटायचा हुकूम मिळाला. त्या वाटेवर कुणी जवळजवळ मीटरभर लोखंड सोबत वागवेल, हे मला पटत नाही. शिवाय ट्रंकेतल्या सेवापुस्तिकेत पलटणीचा आकडा चार नाही, सहा आहे. सहावी मराठा 1945 च्या शेवटी जावा बेटावर, सुराबायाला होती, 49 व्या ब्रिगेडमध्ये. शरणागतीनंतर जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी समारंभानं हवाली कराव्यात असा आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे प्रमुख माउंटबॅटन यांचा आग्रह होता. अमेरिकन जनरल मॅकआर्थरना ते नको होतं, तरी आग्नेय आशियात तसंच झालं. तलवारींचे ढीग तेव्हाचे.

हा माझा अंदाज. पातं यातलं काहीच सांगत नाही. शरणागतीच्या वेळी काही तलवारींना मालकाच्या नावाची लाकडी किंवा कापडी चिठ्ठी बांधलेली असे, ती इथं नाही. सासऱ्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाबांनी सांगशाकचं नाव कधी घेतलं नव्हतं. ते चुलत्यांनी सुरू केलं.” आणि पेपर वाचायला लागले.

मेहुण्याला तलवार कोजिमांच्या वंशजांकडे जपानला पाठवायची होती. ते होण्यासारखं नाही. तिकडे पारंपरिक रीतीनं घडवलेल्या तलवारीचीच नोंदणी होते, ‘शो’च्या शिक्क्याची तिकडे गेली तर जप्त होऊन मोडीत जाईल.

12 जानेवारी

परत जोडणी. सेप्पा त्याच क्रमानं. नवी खुंटी परसातल्या जुन्या, चुलीच्या धुरात काळ्या झालेल्या चिव्याच्या काठीची तासली, बाहेरची टणक बाजू भार येतो त्या अंगाला. पहिली सैल झाली, दुसरी बसली. पात्याला शिलाई मशिनच्या तेलाचा पातळ हात, नाकागो कोरडा. सगळे फोटो, मापं आणि वाचन एका वहीत लावून वही ट्रंकेत ठेवली. खर्च भिंगासकट हजाराच्या आत, ठोकळ्याचे सुतारानं घेतले नाहीत.

लिंबाचे डाग तसेच ठेवलेत. ते काढायला पॉलिश करावं लागेल आणि त्यात धारेवरची हामोनची, म्हणजे पातं विझवताना उमटलेली, रेघ जाईल. म्यानाच्या चंदेरी रंगाखाली मूळचा तपकिरी-हिरवा रंग एका कोपऱ्यात डोकावतोय. थिनरनं दोन्ही थर एकदम निघतील, म्हणून आधी कडीच्या मागे नखाएवढ्या जागेत बांबूच्या पातीनं खरवडून बघणार आहे.